आतून कडी असलेले घर

मी कधीही न पाहिलेले एक घर मला आजही आठवते.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मी नवा फौजदार होतो. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारातून एका बैलव्यापाऱ्याने खबर दिली, की आठ-नऊ वर्षांची एक मुलगी सकाळपासून एकटी फिरते आहे आणि बेलापूरला जाणारी गाडी विचारते आहे.

तिला ठाण्यात आणले. हवालदाराने गूळ-शेंगदाणे पुढे ठेवले.

"खा, राणीसरकार. घर कुठंय तुमचं?"

"बेलापूरला. माडीचं हाय. आई दुपारची झोपती, तिला कुनी उठवत न्हाई."

"आन् बाप?"

"ते हळू बोलत्यात."

"माडीवर काय हाय?"

"माझी खोली. तिला आतून कडी हाय."

चांगल्या घरची मुलगी पळवून आणली असावी, असा मी तर्क केला. स्टेशन डायरीत नोंद केली, बिनतारी संदेश पाठवले. रात्री तिला हवालदाराच्या घरी, त्याच्या बायकोजवळ ठेवले. दोन दिवस तिला जीपमध्ये बसवून बेलापूर पालथे घातले. प्रत्येक गल्लीला ती म्हणे, "ह्याच्या पल्याड." तसे घर नव्हतेच. परत आल्यावर माझा पारा चढला. "खरं सांग!" म्हणून मी टेबलावर हात आपटला. तो आपटायच्या आतच तिने दोन्ही हातांनी डोके झाकले होते.

"साहेब, पोरीला सवय हाय," हवालदार हळूच म्हणाला.

मला ते दिसले होते. प्रकरण तिथेच उलगडले होते.

तिसऱ्या दिवशी संदेशावरून तालुक्यातल्याच एका वाडीचा पोलीस पाटील तिच्या बापाला घेऊन आला. बापाच्या तोंडाला दारूचा वास होता. "लई गोष्टी रचती," तो हसला. "घरात आसून घरात नसती ही."

मी पाटलाला बाजूला घेऊन मारहाणीबद्दल विचारले. "घरोघरी असतंय, साहेब," तो म्हणाला.

आम्ही तिला वाडीवर सोडायला गेलो. एकच खोली. दाराला कडी फक्त बाहेरून. आई कपाळाखाली पदर ओढून उभी होती. मी जबाब घेतला, बापाचा अंगठा घेतला, मुलगी ताब्यात दिली. ती रडली नाही. जीपजवळ येऊन म्हणाली, "साहेब, येक गल्ली ऱ्हायली व्हती."

"पुढच्या वेळी बघू," मी म्हणालो.

दोन महिन्यांनी ती पुन्हा बेपत्ता झाल्याची खबर आली. या वेळी ती सापडली नाही. आज ती साठीची असेल. असावी, एवढीच इच्छा.

डायरीत माझ्या अक्षरात लिहिले आहे, 'मुलीस खोटे बोलण्याची सवय आहे.' ती नोंद चुकीची आहे. लहान मूल जेव्हा अस्तित्वातच नसलेल्या घराची खूण सांगते, तेव्हा ते असलेल्या घराविषयीच तक्रार देत असते, हे मी या प्रकरणात शिकलो. तिची तक्रार पूर्ण होती. तपासी अधिकाऱ्याला ती समजलीही होती. त्याने कागद पूर्ण केले.