बातमीची चतुःसीमा

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या शाळेत शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. त्या वर्षी तो रोज नववीच्या वर्गावर निघायचा. कानावर आलेली, मोबाईलवर वाचलेली माहिती खरी की खोटी हे कसं ओळखायचं, ते मी त्यांना शिकवत होते. प्रशिक्षणात मिळालेला छापील तक्ता होता माझ्याकडे: लेखक, दिनांक, हेतू, पुरावा. पोरं जांभया द्यायची. गृहपाठात ‘माहितीचा स्रोत’ या रकान्यात निम्म्या वर्गाने ‘मोबाईल’ असं लिहून आणलं. एकाने ‘पप्पांचा मोबाईल’ लिहिलं, त्याला मी अर्धा गुण जास्त दिला. निदान तो माणसापर्यंत तरी पोचला होता.

एकदा तास चालू असताना मागच्या बाकावर कुजबुज चालली होती. एक मुलगी शेजारणीला जमीनविक्रीचा कागद कसा होतो ते समजावत होती. शाळा आहे त्या शहरालगतच्या उरवड्याच्या पट्ट्यात घरोघरी हाच विषय. कुणी खोल्या भाड्याने देतंय, कुणी गुंठे विकतंय. मी चिडून तिला फळ्यापाशी उभं केलं आणि म्हटलं, आता सगळ्यांनाच सांग. ती मुळीच घाबरली नाही. तिने खडूने चौकोन काढला.

“मॅडम, हिला चतुःसीमा म्हणत्यात. चारी बाजूला कुणाकुणाचं रान हाय ते लिवल्याबिगर कागुद पुरा व्हत न्हाई. एक बाजू जरी मोकळी ऱ्हायली, तर मधलं रान नक्की कुटलं, ते कोण सांगणार?”

मी बावधनला चौथ्या मजल्यावर राहते. माझ्या फ्लॅटच्या कागदातही चतुःसीमा लिहिलेली आहे, हे मी त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाहिलं. त्यावर सही मात्र कधीच करून मोकळी झाले होते, न वाचता. आणि वर्गात ‘नीट वाचा’ म्हणून घसा कोरडा करत होते. खरं सांगते, लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तक्ता कपाटात गेला. मी फळ्यावर चौकोन काढला आणि म्हटलं, बातमीलाही चतुःसीमा असते. पूर्वेला, हे कुणी सांगितलं. पश्चिमेला, कधी सांगितलं. उत्तरेला, त्याला कसं कळलं. दक्षिणेला, आपण विश्वास ठेवला तर फायदा कुणाचा. एक बाजू जरी मोकळी दिसली, तरी त्या रानात पाय ठेवायचा नाही. मग काय विचारता. बिबट्याच्या बातमीपासून परीक्षा पुढे गेल्याच्या बातमीपर्यंत पोरं एकेक मेसेज घेऊन फळ्याशी भांडू लागली, आणि मला ओरडायला जागाच उरली नाही.

भातं पोटरीत आली होती, तेव्हा तीच मुलगी एका सकाळी रडवेली होऊन माझ्याकडे आली. नव्या रस्त्यात जाणाऱ्या जमिनींची एक यादी गावाच्या ग्रुपवर फिरत होती. वर गोल शिक्का, खाली सही. त्यात तिच्या घरच्या रानाचा गट नंबर होता. जमीन रस्त्यात गेली तर हाती काहीच लागणार नाही, या धास्तीने वडील ती एका एजंटाला मिळेल त्या भावात द्यायला निघाले होते. दोनच दिवसांनी इसाराचे पैसे घ्यायचं ठरलं होतं, आणि एकदा इसार घेतला की तिच्या वडिलांसारखा माणूस शब्द फिरवत नाही. त्यांच्या वाटणीचं तेवढं एकच रान उरलं होतं.

यादी खरी निघाली आणि माझ्या सांगण्यावरून ते थांबले, तर? मी कसंबसं विचारलं, चतुःसीमा पाहिलीस का?

“बातमीच्या चारी बाजू मोकळ्या हायेत, मॅडम. पण पप्पा म्हणत्यात, शिक्का हाय.” मग तिनेच विचारलं, “रानाचीच बघू का?”

मला काही कळलं नाही. तरी मी म्हटलं, बघ.

तिने घरी जाऊन वाटणीपत्राची झेरॉक्स काढून समोर ठेवली. त्यातल्या चतुःसीमेवरून शेजारच्या चार गटांचे नंबर वहीत उतरवले आणि यादीत शोधत बसली. चारातला एकही यादीत नव्हता. वडील जेवायला बसले होते. तिने वही ताटाशेजारी ठेवली आणि विचारलं, “रस्ता आपल्या रानात येणार, तर कुणाचा तरी बांध वलांडूनच येणार ना? का आभाळातनं पडणार हाय?”

वडिलांचा घास हातातच राहिला, असं त्यांनीच मला पुढे सांगितलं. सकाळी ते शेजारच्या रानवाल्या चाचांना घेऊन तलाठ्याकडे गेले. अशी कुठलीही यादी निघालेली नाही, असं तलाठ्याने तोंडावर सांगितलं. इसार मोडला नाही, कारण तो झालाच नाही.

वर्गातल्या आणखी तिघांची रानं त्या यादीत होती. तीही तशीच एकेकटी, शेजारी एकही गट नसलेली; म्हणजे तीही वाचली होती. हे कळलं तेव्हा नववीने बाकं बडवली. शेजारच्या वर्गावरचे सर दारात येऊन उभे राहिले, पण मी कुणालाच गप्प केलं नाही. मीही टेबल बडवत होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

भाताची झोडणी उरकल्यावर तिचे वडील शाळेत आले. हातात कापडी पिशवी, मागे ती.

“आंबेमोहोर हाय, मॅडम,” ते म्हणाले. “त्याच रानातला.”

मी तिच्याकडे वळून, उगाच कपाळाला आठ्या घालून म्हटलं, त्याच रानातला कशावरून?

ती फळ्यापाशी उभी राहायची तशी ताठ उभी राहिली. “पूर्वेला चुलत आज्याचं रान. पश्चिमेला किराणावाल्या चाचांचं. उत्तरेला गायरान. दक्षिणेला पोलीस पाटलांचं.” एवढं एका दमात म्हणून तिने वडिलांकडे पाहिलं. “आणि मधी आमचं.”