उंदीर गप्प झाले तेव्हा

सपना लग्न होऊन हिंगणीत आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिचं सासूबद्दल एक मत झालं आणि ते काही चांगलं नव्हतं. सकाळी ती घर झाडून हातपाय धुते न धुते, तोच सुमित्राबाई पदर खोचून घरभर फिरायला निघत. कोठीच्या मागे वाकून बघत. गॅसच्या शेगडीखाली बोट फिरवून ते नाकाशी नेत. भिंतीच्या कडेकडेनं चालत आणि मधूनच नुसतं "हूं" म्हणत. त्या "हूं"नं सपनाच्या अंगाचा तिळपापड होई. माहेरी नाचणगावला तिच्या झाडण्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि इथं ही बाई रोज तपासणीला हजर!

शेवटी तिनं नवऱ्याला विचारलंच. "तुमच्या आईले माह्यं झाडणं पसंत नाई का?"

योगेंद्र हसत सुटला. "तुह्यं झाडणं कोण पाहून राह्यलं व? ते उंदीर पाहून राह्यली."

आणि ते खरं होतं. सुमित्राबाईंना सुनेच्या चुका शोधायला वेळच नव्हता. त्यांचं सगळं लक्ष घरातल्या न बोलावलेल्या मंडळींवर. लेंडी दिसली की ती ओली की वाळकी, एवढ्यावरून पाहुणा काल आला की मागच्या महिन्यात, हे त्या सांगत. भिंतीच्या खालच्या कडेला काळपट, तेलकट पट्टा दिसला की म्हणत, "हा याचा रोजचा रस्ता हाय." तांदळाच्या पोत्याला पडलेलं भोक बघून तो लहान उंदीर की मोठी घूस, हे ठरवत. परसातल्या चुलीवर अंघोळीचं पाणी तापायचं, त्या चुलीची राख त्या चाळून ठेवत आणि संध्याकाळी दारांच्या फटींपाशी, कोठीखाली, भिंतींच्या कडेला तिचा पातळ थर पसरत. सकाळी उठून त्या राखेवरची पावलं बघत, जसं एखादं माणूस चष्मा लावून पेपर वाचतं तसं. सासरे हेमराज म्हणत, "आमच्या घरी पेपर येत नाई, राख येते." हा विनोद त्यांनी इतक्यांदा केला होता, की आता तो ऐकून फक्त तेच हसत.

गंमत करायला कुणाचं काय जातं! पण मोहल्ल्यातल्या बायका मात्र गरज पडली की सुमित्राबाईंकडेच धावत. कुणाच्या गादीत ढेकूण झाले, कुणाच्या डाळीत सोंडे पडले, कुणाच्या न्हाणीत विंचू निघाला, की हाक यांना. विंचवाला त्या चिमट्यात धरत आणि बाहेर नेऊन टाकत, भाकरी उलटवावी इतक्या सहज. सपनानं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पलंगावर उभी होती आणि सासू तिला खालून विचारत होती, "चहा ठेवला का?" त्या दिवसापासून सपनाचं मत बदलायला लागलं. कबूल मात्र तिनं केलं नाही. सून झाली म्हणून काय सगळंच लगेच कबूल करायचं?

एकदा तेवढी सुमित्राबाईंची फजिती झाली होती. कूलरच्या मागे अंधारात काहीतरी वेटोळं दिसलं आणि त्या "साप, साप" म्हणून ओरडल्या. अख्खी गल्ली काठ्या घेऊन जमली. निघाला काय, तर कूलरमध्ये पाणी भरायचा रबरी पाईप. पुढं कित्येक महिने विहारात वंदनेला गेल्या की कुणीतरी विचारायचंच, "काय बाई, पाईप चावला तर नाई ना?" त्या हसून घेत. पण हसं झालेलं माणूस पुढच्या वेळी तोंड उघडताना दोनदा विचार करतं, आणि घरचे लोक त्याचं ऐकताना अजिबात विचार करत नाहीत.

सपनाला मुलगी झाली त्या वर्षीच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. लेकरू चार महिन्यांचं. घरच्यांनी लाडानं चिमी नाव ठेवलेलं.

त्या वर्षी हेमराजांनी कापूस विकला नव्हता. भाव चढेल या आशेवर आपल्याकडे लोक कापूस घरातच भरून ठेवतात, हे काही नवीन नाही. माणसांनी अंग चोरून बसायचं आणि कापसानं ऐसपैस पसरायचं. हेमराजांचा कापूस मधल्या खोलीच्या मागच्या अर्ध्या भागात छताला टेकलेला होता. पुढं टिनाचा पत्रा आडवा लावलेला आणि पत्र्याच्या अलीकडे कूलर, सपनाची खाट, आणि वरच्या कडीला चिमीची झोळी. घरात थंडावा असलेली तेवढी एकच जागा. बाहेर ऊन असं, की परसातली कोंबडीसुद्धा एक पाय वर धरून चाले.

कापूस आला की उंदीर येणारच. मऊ, ऊबदार, आणि खायला सरकी. उंदराला आणखी काय पाहिजे? हिवाळाभर पत्र्यामागं खुडबुड, चुंचूं आणि पळापळ चाले. सुमित्राबाईंनी पिंजरे लावले, राख टाकली, फटी बुजवल्या. एप्रिल उलटल्यावर योगेंद्रनं सेलूच्या बाजारातून उंदीर मारायच्या औषधाच्या वड्या आणून पत्र्यामागं टाकल्या. आणि काय चमत्कार! आठवडाभरात सगळं चिडीचूप झालं. राख सकाळी जशीच्या तशी. सपनाला कितीतरी महिन्यांनी सलग झोप मिळाली. योगेंद्र कॉलर ताठ करून फिरू लागला. "पाह्यलं का? एका पुडीत काम तमाम."

सुमित्राबाई मात्र खूश नव्हत्या. त्या पत्र्याच्या कडेला नाक लावून उभ्या राहत. वाकून आत बघत. एकदा काडीनं त्यांनी त्या वड्या बाहेर ओढल्या आणि हातात घेऊन उलटसुलट केल्या.

"योगेंद्र, इकडं ये. यायले दात लागला का कोणाचा?"

वड्या कोऱ्या होत्या. एकीचाही कोपरा कुरतडलेला नव्हता.

"बरं मग?" योगेंद्र म्हणाला. "वासानं पळाले असन."

"सरकी सोडून उंदीर वासानं पळत नाई. औषध खाऊन मेले असते, तर या उन्हात घरात उभं राह्यता आलं नसतं वासानं. वास हाय का?"

"नाई."

"मंग गेले कुठं?"

योगेंद्र चिडला. "अवं माय, उंदीर होते तरी तुले तरास, नाई तरी तरास! काय पाह्यजे तुले?"

"त्यायले कोणी खाल्लं हाय," सुमित्राबाई म्हणाल्या. "कापूस बाहेर काढा. आजच. आणि लेकराची झोळी तिथून हालवा."

हेमराजांनी कपाळाला हात लावला. गाडीवाला चार दिवसांनी येणार, आता कापूस अंगणात काढला तर धूळ बसेल, पाचोळा लागेल, भाव पडेल, असं त्यांनी ऐकवलं. योगेंद्रनं पाईपची आठवण काढली. मग आवाज चढवून म्हणाला, "या उन्हात लेकरू बाहेर नेतं? चार महिन्याचं हाय ते! लू लागली तर कोण जबाबदार?"

आता यात योगेंद्रचं चुकलं असं कोण म्हणेल? ऊन दिसत होतं. अंगाला लागत होतं. पत्र्यामागं जे काही असेल-नसेल ते फक्त एका बाईच्या नाकाला कळत होतं, आणि ती बाई एकदा रबरी पाईपला फसलेली.

बापलेक सपनाकडे बघू लागले. लेकरू शेवटी तिचं होतं.

सपनानं सासूकडे पाहिलं. हातातल्या वड्या तेवढ्या खडखड वाजत होत्या. सपनाच्या उशिरा लक्षात आलं, की सासूचे हात थरथरतायत. विंचू चिमट्यात धरून चहाचं विचारणाऱ्या बाईचे हात! तिनं कुणाला काही न विचारता झोळीतून चिमीला उचललं, छातीशी धरलं आणि बाहेर चालू लागली.

"सपना!" योगेंद्र ओरडला.

"तुम्ही कापूस काढा," ती दारातून म्हणाली. "नाई काढला, तर मी लेकराले घेऊन निंबाखालीच बसतो."

आणि ती खरंच परसातल्या कडुनिंबाखाली जाऊन बसली. सुमित्राबाईंनी चारी बाजूंना ओली पोती टांगली, लुगड्याची झोळी फांदीला बांधली, ओल्या फडक्यानं चिमीचं डोकं, तळवे पुसले. झोळीला पहिला झोका देताना त्यांनी सुनेच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला.

बायको उन्हात बसलेली बघून योगेंद्रचा पारा आणखी चढला. "चला मंग, काढूनच दाखवतो!" म्हणत त्यानं पत्रा बाजूला लोटला आणि दोन्ही हात कापसात खुपसायला निघाला. सुमित्राबाई झोळीची दोरी सपनाच्या हातात देऊन धावल्या.

"हात घालू नको! दाताळ्यानं ओढ."

"आई, सोड ना आता..."

"दाताळ्यानं ओढ म्हटलं ना!"

हा आवाज योगेंद्रनं जन्मात ऐकला नव्हता. त्यानं मुकाट्यानं लांब दांड्याचं दाताळं घेतलं. सुमित्राबाईंनी मागून त्याचा सदरा मुठीत धरला आणि त्या तशाच उभ्या राहिल्या, म्हैस धरून ठेवावी तशा. हेमराज कुरकुरत टोपलीनं कापूस बाहेर नेऊ लागले. ढीग उतरत गेला. उंदरांची बिळं लागली, चिंध्यांची घरटी लागली, सरकीची टरफलं लागली. उंदीर एकही नाही. योगेंद्र हसायच्या बेतात होता. पत्र्याच्या अगदी जवळच्या कोपऱ्यात त्यानं दाताळं घातलं आणि ओढलं.

फूत्कार आधी ऐकू आला. मग पांढऱ्याशुभ्र कापसातून फणा वर आला.

योगेंद्र जागीच थिजला. सुमित्राबाईंनी सदऱ्याला असा हिसका दिला, की तो पाठीवर उंबऱ्याबाहेर पडला, आणि त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं.

पंक्चरच्या दुकानातून चंद्रभान आला. गावात साप निघाला की त्यालाच फोन जातो. टायर तसाच टाकून, आकडा आणि बरणी घेऊन तो फटफटीवर येतो. त्यानं नाग धरला, बरणीत घातला, झाकण लावलं आणि मग खोलीत नीट नजर फिरवली. पत्र्याच्या खाली चार बोटांची फट होती. तिच्यापुढं राखेत सरपटल्याची एक गुळगुळीत, ताजी खूण पडलेली, सकाळी नव्हती अशी. ती कडीखालून, म्हणजे झोळी टांगतात तिथून, खाटेकडे गेली होती.

"आतले उंदीर सरले याचे," चंद्रभान म्हणाला. "आता हा बाहेरच शोधत होता, हेमराजभाऊ. खाटेवर कोण झोपते?"

हेमराजांनी परसातल्या निंबाकडे बोट दाखवलं.

चंद्रभान नाग घेऊन बोरच्या जंगलाकडे गेला. अंगणात गल्ली जमली होती. पाईपवरून चिडवणारे सगळेच त्यात होते आणि आता सगळेच सुमित्राबाईंची वाहवा करत होते. सुमित्राबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या झोळीपाशी बसल्या, झोपलेल्या चिमीच्या पायाला हात लावला आणि एकाएकी हुंदके देऊन रडू लागल्या. या बाईला रडताना घरात कुणी पाहिलं नव्हतं. गल्लीतली माणसं एकेक करून निघून गेली.

"काऊन रडता, आई?" सपनानं विचारलं. "वाचलो ना आपण."

"माह्या लहान भाऊ होता," सुमित्राबाई म्हणाल्या. "तानबा नाव. आमच्याबी घरी कापूस भरला होता. उंदीर लय होते, त्याले झोपू देत नव्हते. मंग एक दिवस उंदीर बंद झाले. समद्याईले आनंद झाला. माय म्हणे, आता कापसावर झोपू द्या त्याले, मऊ लागते लेकराले." त्यांनी चिमीचा पाय मुठीत घेतला. "सकाळी उठलाच नाई थो."

योगेंद्र दारात उभा होता. अंगावर अजून मातीच होती. "मले मामा होता?" तो म्हणाला. "आई, इतक्या वर्षांत तू कधी सांगतलं नाई."

"सांगून काय केलं असतं? तुम्हीबी भेत झोपले असते." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "घरात भ्यायले मी होतो ना."

रोज सकाळी ही बाई घरभर वाकून बघत फिरे आणि आपण हसत आलो. त्याला आईच्या पायाशी बसावंसं वाटलं आणि तो बसलाही.

सपनाला तर आपल्या पहिल्या आठवड्यातला राग आठवून लाज वाटली. ही बाई आपल्या चुका शोधते असं तिला वाटलं होतं. घरातल्या सगळ्यांच्या वाट्याची भीती ती एकटी वाहत होती, आणि कुणाला तिचा भार होऊ दिला नव्हता. अशी माणसं घरात असतात म्हणून बाकीचे घोरत पडू शकतात, एवढं साधं तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिनं झोळीची दोरी सासूच्या हातातून काढून घेतली.

"आई, तुम्ही पडा जराशा. मी हावो. आज मी भेतो तुमच्या वाट्याचं."

सुमित्राबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग निंबाखालच्या बाजेवर आडव्या झाल्या, आणि थोड्याच वेळात चक्क तोंड उघडं टाकून घोरू लागल्या. लग्न झाल्यापासून हेमराजांनी त्यांना भरदिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं. ते चहा मागायला म्हणून आले होते. सपनानं ओठांवर बोट ठेवलं, तसे ते मागच्या पावली स्वयंपाकघरात गेले आणि स्वतःच पातेलं शोधू लागले.