मुकीला आलेली हाक

मी देवभोळी नाही. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी तोंडावर थट्टा करत आलेय. पण आम्ही बारामतीला असताना जे झालं, ते मला अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही... इथे लोक मोकळेपणी लिहितात, म्हणून लिहिते.

एकोणीसशे तीस सालानंतरची गोष्ट. आमचे हे नीरा डाव्या कालव्यावर ओव्हरसियर होते. क्वार्टर कालव्याला लागूनच. मूलबाळ नव्हतं. एका सकाळी कालव्यावरच्या माणसाने पाण्यातून काढलेली एक पिवळट कुत्री आणली. गळ्यात सुंभ, सुंभाला दगड. बुडवलीच होती कुणीतरी.

जगली. पण माणसाचं भय काही जाईना. पाऊल वाजलं की पाण्याच्या पिंपामागे. मी पाठ फिरवली तरच खायची. भुंकणं तर सोडाच, कधी कण्हलीसुद्धा नाही, म्हणून नाव ठेवलं मुकी. चार महिन्यांनी एकदा आपणहून आली आणि माझ्या पावलावर हनुवटी टेकून झोपली. मी हललेच नाही — आत भात करपला.

आणि ह्यांची बदली झाली. पुण्याला, दिरांच्या दोन खोल्यांत राहायचं.

"तिथे कुत्रं चालणार नाही," हे म्हणाले. "महिना आहे हातात. तिला कायमचं घर बघ. नाहीतर बाजारात सोडावी लागेल."

बाजारात! माणूस दिसलं की थरथर कापणारी ती...

आधी कन्हेरीच्या सखूबाईंना दिली. त्या आम्हाला माळवं, ताजी भाजी आणून द्यायच्या. सहाव्या दिवशी मुकीला घेऊन दारात.

"बाई, कुत्री गरीब हाय, पर मला न्हाय ठेवायची."

"का हो? काय केलं तिनं?"

"तिनं काय न्हाय केलं. दुपारच्याला कुणीतरी हाका मारतंय तिला. 'चंपे, चल घरला...' बाईमानसाचा आवाज हाय. भाईर बघावं तर चिटपाखरू न्हाय. आन् ही नुसती थरथरतीया."

मला रागच आला. नको असेल तर सरळ सांगावं ना!

मग वडगाव निंबाळकरचे एक मास्तर तयार झाले. घरात तीन मुलं, शिकलेला माणूस. सखूबाईंचं मी त्यांना काही बोलले नाही. दहा दिवसांनी तेही तिला घेऊन आले. मान खाली.

"वहिनी, सांगायला लाज वाटते. भर दुपारी कुणी बाई हिला हाक मारते. मुलांनी ऐकलं, मग मीही."

"काय हाक मारते?" मी विचारलं.

"चंपे."

त्या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नव्हतं. चंपी हे नाव आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. पुढचे दोन दिवस मी दुपारभर उंबऱ्यात बसून कान देऊन ऐकलं. काही नाही.

आठ दिवस उरले तेव्हा ह्यांच्या शिपायाने इंदापूरच्या अलीकडचे एक आबा सुचवले. कालव्याच्या पाटाकडेला पेरूची बाग, घरात विधवा सून. आबांचे कान चाळीस वर्षांपूर्वी तापात गेलेले, शेजारी ताशा वाजवला तरी कळायचं नाही. सर्व्हिस मोटारीने मी मुकीला पायाशी घेऊन गेले.

आबांनी तिला हात लावला नाही. तिच्याकडे पाठ करून गवत काढत बसले. बऱ्याच वेळाने मुकी उठली, त्यांच्या धोतराचा वास घेतला आणि तिथेच बसली.

"भुंकत न्हाय व्हय ही?" बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात आबा म्हणाले. "बरं हाय की! मला तरी कुठं ऐकू येतंय!"

मी हसले आणि मग रडले. मनात म्हटलं, मिळालं घर. इथे कुणी कितीही हाका मारू दे.

पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी आबा आणि त्यांची सून दारात उभे. मुकी नव्हती.

"पोरी," आबा म्हणाले, "चाळीस वर्सांनी मला ऐकू आलं."

सून रडत होती.

"बाईचा आवाज. चंपे म्हनली. लई मायेनं. मला वाटलं, कान आलं माजं. बघतो तवर ही उठली. भुंकली गं — त्येबी ऐकलं म्या. शेपटी हालवत पाटाकडं गेली. मागनं पुन्ना समदं गप."

"अडवलं नाही तिला?" मी ओरडले. सुनेने माझा प्रश्न आबांना खुणेने सांगितला.

"कसं अडवू? घरचं मानूस बोलवतंय आसं वाटलं."

ह्यांनी पुण्याला जाणं लांबवलं. चिखलात तिची पावलं पाटाच्या कडेपर्यंत होती, परतीची नव्हती. पाण्याची पाळी संपून पाट कोरडा पडला, तेव्हा आम्ही दोघं त्याच्या तळातून कोसभर चाललो. काही सापडलं नाही. वरच्या वस्त्यांतून विचारलं, चंपी नावाची कुत्री कुणाला ठाऊक नव्हती.

ती बाई तिची मायेची होती, की तिनेच तो दगड बांधला होता? मुकी कुणाकडे पळत गेली? मी तिला कुणाच्या हवाली केलं?

हे म्हणतात, म्हातारा माणूस, भास झाला असेल. मग सखूबाई? मास्तर, त्यांची मुलं? आणि त्या सगळ्यांनी ऐकलेली हाक मलाच तेवढी एकदाही ऐकू आली नाही, ती का, हेही मला कुणी सांगू शकलेलं नाही.

पुण्यात शेजारणीने मध्यंतरी एक पिल्लू देऊ केलं होतं. मी नको म्हटलं.