पंजाबरावांचा काटा आणि धुरजड विमान

सोनाळा अजून चार किलोमीटर होतं, तेव्हा पंजाबरावांनी बॅटरी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली आणि संजीवनीबाईंची पितळी घंटा उजव्यातून डाव्यात. इतका वेळ डावीकडे कललेले पंजाबराव आता उजवीकडे कलले. चाल मात्र तीच राहिली, मापात पडणारी.

खामगावहून निघालेल्या काळीपिवळी जीपचं चाक अर्ध्या रस्त्यात बसलं होतं. मागून येणारे ट्रॅक्टर कापसानं इतके भरलेले की ड्रायव्हरच कसाबसा बसलेला. मग दोघांनी चालायचं ठरवलं. संजीवनीबाईंनी घंटा आपल्याकडे मागून पाहिली, पण पंजाबराव देईनात. एका हातात बॅटरी असली की दुसऱ्या हातात काहीतरी लागतंच, नाहीतर माणसाचा तोल जातो, तो उलाळ होतो, असं त्यांचं म्हणणं. घंटा वाजू नये म्हणून तिच्या लोलकाला त्यांनी स्वतःचा रुमाल बांधला होता.

"पाच किलो दोनशे," घंटा हातात घेताक्षणीच ते म्हणाले होते. दुकानदारानं कागदावर लिहिलेलं वजनही तेच होतं.

पंजाबराव तीस वर्षं खामगावच्या बाजारात मापाडी होते. आता सोनाळ्यात बॅटरी चार्जिंगचं दुकान चालवतात, पण मापाडीपण काही सुटलेलं नाही. बारशाला त्यांच्या हातात बाळ दिलं, तर आधी वजन सांगतात, मग नाव विचारतात. एकदा एका नव्या सुनेनं जिलबीचं ताट पुढे केलं, तर यांनी ताट वजा करून जिलबीचं वजन सांगितलं. तेव्हापासून घरोघरी त्यांना खायला द्रोणातच देतात.

संजीवनीबाईंचे यजमान चंद्रशेखर हवाईदलात मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर त्यांनी शेतातल्या टिनाच्या शेडात दोन माणसांचं लहानसं विमान बांधायला घेतलं. सहा वर्षं लागली. उडायची परवानगी अजून यायची आहे, तोवर शेजारच्या सपाट पट्टीवर ते नुसतं धावतं. या सहा वर्षांत शेडात रोज येणारा माणूस एकच, पंजाबराव. परवानगी आली आणि पायलट आला, की शेजारच्या खुर्चीत पहिल्यांदा पंजाबरावांनीच बसायचं, असा चंद्रशेखरांनी शब्द दिला होता. पंजाबरावांनी त्यासाठी पांढरा सदरा शिवून ठेवला होता आणि दोन वर्षं त्याला हात लावला नव्हता.

आता तो सदरा पेटीतच राहणार होता. चंद्रशेखरांनी त्यांना शेडात यायला बंदी केली होती. हातातली बॅटरी विमानासाठीच आणलेली, पण ती शेडापर्यंत न्यायचं काम संजीवनीबाईंचं होतं. पंजाबराव फाटकातून परत फिरणार होते.

झालं होतं ते असं. विमानाची बॅटरी पुढे इंजिनाच्या अगदी शेजारी होती. आपल्याकडचा उन्हाळा, त्यात इंजिनाची धग. दोन उन्हाळ्यांत दोन बॅटऱ्या शिजल्या. तिला तिथून उठवून खुर्चीच्या मागे बसवा, हे पंजाबरावांनीच सुचवलं. चंद्रशेखर म्हणाले, आठ किलोची वस्तू पुढून मागे नेली तर विमानाचा तोल बदलतो, उगाच नाही हलवता येत. पंजाबरावांना हे वेगळं सांगायची गरज नव्हती. त्यांचे वडील बैलगाड्या करायचे. ओझं आसाच्या मागे गेलं की गाडी उलाळ होते, धुरा वर उठतो. पुढे आलं की गाडी धुरजड होते, बैलाच्या मानेवर बसते. विमानाला बैल नाहीत एवढाच काय तो फरक.

चंद्रशेखरांनी वहीत हिशेब मांडला. बॅटरी मागे गेली तरी तोल थोडासाच मागे सरकतो, चालण्यासारखं आहे, असं वही म्हणाली. बॅटरी मागे बसली. पण पंजाबरावांचा वहीवर विश्वास नाही. खंडेनवमीला पूजा झाल्यावर त्यांनी तीन चाकांखाली तीन काटे लावले. त्या दिवशी औजारांना हात लावत नाहीत, असं संजीवनीबाईंनी सुचवून पाहिलं. काटा हे औजार नाही, न्याय आहे, असं उत्तर मिळालं. काट्यानं न्याय दिला तो असा, की पुढच्या चाकावर वजन जवळजवळ नाहीच. विमान उलाळ.

वही खरी की काटा खरा यावर दोघे तासभर बोलले, आणि मग, करा काय करायचं ते, म्हणत चंद्रशेखर रुसून निघून गेले. दुसऱ्या दिवशी पंजाबरावांनी जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवून पंधरा किलोची वीट पाडली आणि ती विमानाच्या नाकात बोल्टानं आवळली. पुन्हा तोलून पाहिलं नाही. बाजारात मापाड्यानं एकदा आकडा पुकारला की तो माल पुन्हा काट्यावर चढत नाही. चढला तर तो मापाड्याचा अपमान असतो. पंजाबराव तीस वर्षं असेच जगले होते.

चाचणीच्या दिवशी अर्धं गाव पट्टीवर आलं. वेग आला की पुढचं चाक जरासं उचलायचं आणि परत टेकवायचं, एवढंच करायचं होतं. विमान धावलं. चंद्रशेखरांनी दांडी ओढली. नाक उठेना. पूर्ण ओढली, तरी उठेना. पट्टी संपली आणि विमान अर्जुनरावांच्या तुरीत शिरून थांबलं. कुणाला खरचटलंही नाही, फक्त बॅटरी फुटली. अर्जुनराव बांधावरून शांतपणे म्हणाले, आता वावरात आलंच आहे तर वखर जुंपून घेतो. सगळे हसले. चंद्रशेखर हसले नाहीत. काटाच खोटा, असं म्हणून त्यांनी पंजाबरावांना शेडाची बंदी केली. त्याआधी, विमान तुरीत दिसेनासं झालं तेव्हाच, संजीवनीबाईंनी मारुतीला घंटा कबूल केली होती.

"खुर्चीचं जाऊ द्या, वैनी," पंजाबराव चालता चालता म्हणाले. "पण माह्या काट्याले खोटा म्हटलं त्यायनं. तीस वर्षांत कोणी म्हटलं नाई."

एका खड्ड्याला वळसा घालून ते पुन्हा बोलू लागले.

"म्या रोज आठवून पाह्यतो. त्या दिवशी मांगच्या अंगाले बारा-तेरा किलो जास्त बसून होते. दिसत नाई, पण होते. भूत म्हणावं, तर भुताले वजन नसते."

संजीवनीबाईंची चाल मंदावली. मागच्या वर्षीच्या खंडेनवमीला शेडात बकऱ्या शिरून औजारांवरची झेंडूची फुलं खाऊन गेल्या होत्या, पान्या-पेचकसांवरचं कुंकूही चाटून. म्हणून या वर्षी त्यांनी पूजा केली, औजारांची पिशवी लाल फडक्यात गुंडाळली आणि बकरीचं तोंड पोचणार नाही अशा जागी ठेवली. दसऱ्याच्या सकाळी काढून नेहमीसारखी यजमानांच्या हातात दिली.

"भाऊजी," त्यांनी हळूच विचारलं, "आपल्या औजारांच्या पिशवीचं वजन किती असेल?"

"साडेबारा. काऊन?"

संजीवनीबाई रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. "मी ती विमानातच ठेवली होती. खुर्चीमागून आत, पार शेपटीकडे. बकऱ्यांच्या भीतीनं."

पंजाबराव थांबले. बॅटरी खाली ठेवली. घंटाही ठेवली, तसा रुमाल सुटला आणि ती एकदा टणकन वाजली. मग ते रस्त्याच्या मधोमध उभे राहून हसायला लागले. समोरून येणाऱ्या सायकलवाल्यानं उतरून, वाट सोडून, शेतातून सायकल नेली.

"म्हंजे काटा खरा होता," ते डोळे पुसत म्हणाले.

"काटाही खरा आणि ह्यांची वहीही खरी. खोटी मीच. आज घरी गेले की पहिल्यांदा हेच सांगते."

पंजाबरावांचं हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी रुमाल घेतला, लोलकाला पुन्हा नीट गाठ मारली आणि दोन्ही ओझी उचलली.

"सांगजा, वैनी. पण पिशवी तुमी ठेवली असं नका सांगू. साहेब फौजी माणूस. शेडातली पूजाच बंद करतीन. मंग माह्या पान्यांनी खंडेनवमीले कुठं बसावं?"

"मग काय सांगू? पूजेच्या बाबतीत खोटं बोलवणार नाही मला."

पंजाबराव विचार करत दहा पावलं चालले.

"तर असं करा. पहिले निस्तं एवढंच सांगा, का काटा खरा होता. ते त्यायले नीट पचू द्या, चहा पिऊ द्या. मंग मले फाटकातून आत बलवा, म्हंजे पिशवीचं तुमी सांगसान तवा त्यायच्या समोर मी असतो, निम्मा राग माह्यावर घेतो. आणि तवा बॅटरीसंगं ही घंटाबी माह्याच हाती राहू द्या. दोन्ही हाताले वजन असलं, का मले उभं राह्यता येते."