मोत्याच्या वाट्याचं काळीज

मंगळवार, दुपारी बारा. लातूर, सोनोग्राफीची खोली. हजर : मी, माझी मुलगी वर्षा, तिचे बाबा आणि डॉक्टर.

वर्षाच्या उजव्या बरगडीखाली दोन महिने दुखत होतं. ॲसिडिटी समजून मीच गोळ्या दिल्या होत्या.

"लिव्हरमध्ये हायडॅटिड सिस्ट आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे जंताच्या अळीपासून वाढलेली पाण्याची पिशवी.

"कॅन्सर तर न्हाई ना?" तिच्या बाबांनी विचारलं.

"नाही. घरी कुत्रं होतं का?"

"मोत्या," वर्षा म्हणाली. "माझ्या ताटात जेवायचा."

"त्याला कच्चं काळीज, फुप्फुस घालत होतात?"

मी म्हणाले, आठवत नाही. आठवत होतं.

मुखेडजवळ आमच्या शेतात दरसाल पिराची कंदुरी असते. बकरं कापतात, भावकी जेवते. कोणाला कोणता वाटा, ही यादी माझी. वर्षा आठ वर्षांची होती तेव्हा दीर म्हणाले, "वैनी, काळजाला पाण्याचे फोड हायेत. पुरून टाकू?"

"पुरता कशाला? मोत्याला टाका."

"घ्या! वैनीच्या यादीत कुत्र्याचाबी वाटा हाय!"

सगळे हसले. मीही.

डॉक्टरांनी समजावलं : असल्या फोडांतून कुत्र्याच्या पोटात जंत होतात. त्यांची अंडी विष्ठेतून पडतात, केसांना चिकटतात, हातावाटे माणसाच्या पोटात जातात. मग फोड वर्षानुवर्षं गुपचूप वाढतो.

आधी अल्बेंडाझोल, म्हणजे जंताच्या गोळ्या. मग ऑपरेशन. फोड आत फुटला तर जिवाला धोका, हे सांगून सही घेतली. ऑपरेशन चालू असताना बाहेर बाकावर बसून मी टॉवेल, थर्मास, रिपोर्ट तीनदा मोजले. तिचे बाबा म्हणाले, "बस कर की आता."

फोड अख्खा निघाला. डॉक्टरांचे उपकार विसरणार नाही.

शुद्धीवर आल्यावर वर्षा म्हणाली, "आई, मीच त्याचे मुके घ्यायचे. माझीच चूक."

मी म्हणाले, "पाणी पी."

तुमच्या घरी कुत्रं असेल तर त्याला वेळच्या वेळी जंताचं औषध द्या, हात लावल्यावर साबणानं हात धुवा. फोडाचं काळीज कुत्र्याला घालू नका, खोल पुरा. यंदा मी उभं राहून पुरून घेतलं. मोत्यानंतर आणलेल्या नव्या कुत्र्याला जनावरांच्या डॉक्टरांकडून औषध दिलं. यंदाच्या यादीत ही दोन्ही कामं लिहिली होती, त्यांवर खूण केली.

वर्षा आता बरी आहे. पण ती त्या कुत्र्याला हात लावत नाही. उंबऱ्यातूनच भाकरी टाकते आणि आत वळते.

यादीतली शेवटची ओळ अजून तशीच आहे : वर्षाला सांगणे.