दाजींना पाटावरून उठवलं तेव्हा

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. दाजी, म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान, आता नाहीत. बहीणही गेली. तरी लिहायला बसलो की उठून घरातल्या घरात फेऱ्या मारतो.

नव्वदीच्या दशकात दाजींची पुण्यात बायपास झाली. सांगलीचा अघळपघळ माणूस, अंगानं एवढा की हातांच्या खुर्चीत मावत नसे. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "छातीचं हाड तारांनी बांधलंय. वजनामुळं त्यावर ताण जास्त येणार. खाली बसवू नका, हात धरून ओढू नका." हे ऐकणारा मी एकटाच होतो.

सांगलीला जाण्याआधी बहीण आणि दाजी साताऱ्याला माझ्याकडे राहिली. ऑपरेशन नीट झालं तर सत्यनारायण घालीन, असं मी बोललो होतो. पूजेला ती दोघंच बसणार होती. भटजी म्हणाले, "दाजी खुर्चीवर बसले तरी चालेल." मीच हट्ट धरला, पूजा पाटावर बसूनच व्हायला हवी. आरतीला सगळे उभे राहिले, दाजींना मात्र उठता येईना. चार लोकांत मलाच कसंतरी झालं. मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि ओढलं.

"आवं पावणं, चिखलातनं म्हस काढताय का?" दाजी म्हणाले.

सगळे हसले. दाजीही हसत होते, पण चेहरा पांढरा पडला होता. त्यांच्या छातीत कट्‌ असा आवाज झाला. तो मी ऐकला होता.

थोड्याच दिवसांत जखमेतून पाणी येऊ लागलं. पुन्हा दवाखाना, पुन्हा तारा. मला कुणी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. जाड माणसाची छाती लवकर जुळत नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि बहिणीनं तेवढंच धरलं. आल्या-गेल्यासमोर ती त्यांना बोलायची, "जिभेला आवर घातला असता तर ही वेळ आली असती का?" दाजी मान खाली घालून चतकोर भाकरी खायचे. एकदा मीही म्हणालो, "दाजी, वजनाचं मनावर घ्या आता." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातातला तुकडा ताटात परत ठेवला.

मग एका दुपारी मुद्दाम सांगलीला गेलो. बहीण बाजारात गेली होती.

"दाजी, त्या दिवशी पूजेला..."

"शिरा झकास झाला होता," ते म्हणाले.

"साजूक तुपातला होता," मी म्हणालो आणि बसची वेळ झाली म्हणून उठलो. चूक तुमच्या वजनाची नव्हती दाजी, माझी होती, मला माफ करा, हे स्टँड येईपर्यंत पुटपुटत राहिलो.