दुसऱ्याच्या नावाची जर्सी

तेरोय मागबानुआ मनिलाच्या मोठ्या लीगमध्ये बास्केटबॉल खेळतो, ही बातमी मी आजवर किमान चार हजार लोकांना सांगितली असेल. त्यातल्या निम्म्यांना ती आधीच ठाऊक होती, पण त्यांनी मला बोलू दिलं. आमच्या लाबनिग गावातली माणसं तशी दयाळू आहेत. शिवाय बावीस वर्षं गावच्या सामन्यांचा माइक माझ्याच हातात आहे, आणि माइक धरलेल्या माणसाला थांबवणं अजून इथे कुणाला जमलेलं नाही.

तेरोयचा बाप मालवाहू बोटीवर आचारी, वर्षातले दहा महिने समुद्रावर. एका सुट्टीत त्याने बांधकामाची सळई वाकवून कडं केलं, अंगणातल्या नारळाला ठोकलं आणि परत बोटीवर गेला. कडं जरा डावीकडे कललेलं होतं. त्यामुळे तेरोयचा चेंडू आजही किंचित डावीकडून येतो, आणि मनिलाचे जाणकार त्याला शैली म्हणतात. तेराव्या वर्षी पोरगा वाढायला लागला. त्याची आई, नानाय सालिंग, दर रविवारी मिस्सा झाल्यावर त्याला दाराच्या चौकटीशी उभं करून रेघ मारायची. सहा फुटांना अर्धा इंच कमी असताना रेघ थांबली. नानायने नऊ दिवसांची प्रार्थना केली, रेघ हलली नाही. पुढे इलोइलोच्या एका कॉलेजने त्याला संघात घेतलं आणि कागदावर उंची लिहिली सहा फूट एक इंच.

"देवाला जमलं नाही ते कारकुनाने केलं," नानाय म्हणाली, आणि लगेच क्रूसाची खूण केली.

त्या कॉलेजच्या चाचणीच्या दिवशी पूर आला होता, बस बंद होत्या. तेव्हा आमच्या गावचे प्रमुख, कापितान गोरियो, यांनी आपली जीप काढली आणि चार तास चिखलातून तेरोयला नेलं. दोनदा जीप रुतली, दोन्ही वेळा कापितान स्वतः उतरून ढकलायला लागले. ते तेरोयचे निनोंग, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचे धर्मपिता; त्या नात्याने ते नानायला मारे म्हणतात आणि ती त्यांना पारे. ही जीप आम्ही कुणीच विसरू शकलो नाही. कापितानांनी विसरू दिली नाही.

लीगमध्ये नव्या खेळाडूंची निवड होती त्या दिवशी अख्खं गाव कापितानांच्या टीव्हीसमोर. एकेक नाव पुकारलं जात होतं, त्यात तेरोय नाही. कार्यक्रम संपला, जाहिराती लागल्या, भाजलेलं डुक्कर संपलं, कुणी कुणाकडे बघेना. नानाय भांडी घासायला उठली तेव्हा फोन आला. घेतला होता त्याला, टीव्हीवाले निघून गेल्यानंतरच्या फेरीत. घेणारा संघ डबाबंद मासळीच्या कंपनीचा. नानाय बाजारात सुकी मासळी विकते. "जन्मभर उन्हात वाळवलेली मासळी खाऊन वाढला, आणि निघाला डब्यात," असं म्हणून ती जी रडायला लागली, त्यात आनंद किती आणि धंद्याचं दुःख किती, हे आम्हाला कळलं नाही.

दोन हंगाम तेरोय बाकावर होता. टॉवेल द्यायचा, पाणी द्यायचं, खेळ थांबला की सर्वांत आधी उठायचं. उठण्यात त्याच्या तोडीचा खेळाडू अख्ख्या लीगमध्ये नव्हता. तिसऱ्या हंगामात एकाचा गुडघा गेला आणि तेरोयला अकरा सामने मिळाले. त्याला चुकवून पुढे जाणं कुणाला सोपं जात नाही, हे मनिलाला तेव्हा समजलं. संघाच्या व्यवस्थापकांनी दोन वर्षांचा करार कबूल केला. सही आमच्या गावच्या फिएस्टानंतरच्या, म्हणजे संताच्या जत्रेनंतरच्या सोमवारी. तोवर जुना करार चालू, आणि त्यात एक कलम: बाहेरच्या कुठल्याही सामन्यात खेळायचं नाही. खेळला तर नवा करार विसरायचा.

हे कलम खिशात घेऊन तेरोय शुक्रवारी घरी आला. शनिवारी गावच्या लीगचा अंतिम सामना, शेजारच्या तुबोंग गावाशी. तुबोंगकडून आम्ही सलग पाच वर्षं हरलो होतो.

शुक्रवारी दुपारी कापितान भाजलेल्या डुकराची अख्खी मांडी घेऊन आले, तेव्हाच नानायने काय ते ओळखलं. मीही मागोमाग होतोच. मांडीच्या मागे मी नेहमी असतो.

"मारे, पोरगा वाळलाय गं," कापितान म्हणाले. "खायला घाल."

"घालते, पारे. पण खेळायला पाठवणार नाही," नानाय म्हणाली.

"खेळायचं नाव कुणी काढलं? मी आपला जीपनं येत होतो. तीच जीप. हल्ली पुढचं चाक आवाज करतं. चिखलात रुतली होती ना, तेव्हापासून."

तेरोय ताटाकडे बघत म्हणाला, "निनोंग, करारात लिहिलंय. कळलं तर सगळं गेलं."

"कळणार कसं? इंगोच्या नावावर खेळ. त्याचा पाय मुरगळलाय. खेळाडूंच्या यादीत त्याचं नाव आहे, जर्सी आहे. दहा मिनिटं फक्त."

इंगो हा तेरोयचा चुलतभाऊ, रिक्षा चालवतो. उंची पाच फूट तीन.

"इंगोच्या नावावर?" नानाय म्हणाली. "पारे, तुबोंगवाले आंधळे आहेत का?"

"त्यांचा मधला खेळाडू शहरातला पोलीस आहे, खेळतो त्यांच्या न्हाव्याच्या नावावर. ते कशाला बोलतील?"

खरं होतं. आमच्याकडे फिएस्टाच्या सामन्यात दोन्ही बाजूंना दुसऱ्याच्या नावाचा माणूस असतो आणि दोन्ही बाजू सभ्यपणे गप्प बसतात. तेरोयने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "दहाच मिनिटं, निनोंग." नानायने मांडीला हात लावला नाही. मी लावला.

शनिवारी चार वाजता मैदान भरलं. कापितानांनी बंदोबस्त असा केला की दारातच प्रत्येकाचा फोन काढून घ्यायचा आणि नानायच्या मासळीच्या टोपल्यांत ठेवायचा. नानाय स्वतः टोपल्यांपाशी बसली. तीनशे फोन आत पडल्यावरही ती येणाऱ्या प्रत्येकाचे खिसे चाचपत होती, फादरांचे सुद्धा. मला कापितानांनी बाजूला घेतलं. "अम्बो, तुझ्या तोंडाला टोपली नाही. सांभाळ."

तेरोय मैदानात आला. इंगोची जर्सी त्याच्या बेंबीपर्यंत पोचत होती. तुबोंग संघाच्या कप्तानाने त्याच्याकडे खालून वर पाहिलं आणि म्हणाला, "इंगो, पाय बरा दिसतोय."

"सूज चढलीय," तेरोय म्हणाला.

दहा मिनिटांची वीस झाली, वीसची तीस. आम्ही मागे असताना त्याला बाहेर कोण काढणार? मी माझं वचन पाळत होतो. "इंगोचा चेंडू. इंगोने अडवलं. पुन्हा इंगो." एवढं कोरडं मी माझ्या सासऱ्याच्या अंत्यविधीलाही बोललो नव्हतो. खरा इंगो बाकावर पाय वर करून बसला होता आणि प्रत्येक वेळी आपलं नाव ऐकून मान डोलवत होता.

शेवटची नऊ सेकंदं. बरोबरी. पोलिसाच्या हातात चेंडू. तेरोयने तो असा काढून घेतला जसा नानाय मांजराच्या तोंडातून मासा काढते, धावला, उडाला, चेंडू किंचित डावीकडून कड्यात गेला, आणि माझ्या तोंडून निघालं: "तेरोय मागबानुआ! लाबनिगचा तेरोय! सालिंगचा तेरोय!"

तीनदा. एकदा सुटलेली जीभ दुसऱ्यांदा आवरता आली असती. नाही आवरली.

लोक नाचायला लागले. मग हळूहळू एकेक जण माझ्या टेबलाशेजारी बघू लागला. तिथे तीन पायांच्या स्टँडवर एक फोन उभा होता. कापितानांच्या बायकोचा, मानांग चोलिंगचा. दरवर्षी ती परदेशातल्या गावकऱ्यांसाठी सामना थेट दाखवते. दुबईतल्या मोलकरणी, बोटींवरचे खलाशी वाट बघत असतात. कापितानांच्या बायकोचा फोन टोपलीत टाकायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, कापितानांच्या तर नाहीच.

"मी काय केलं?" मानांग चोलिंग म्हणाली. "दरवर्षीच दाखवते."

नानाय टोपलीवरच बसली. तेरोयचे हात थरथरत होते. "पास्मा झालाय," ती पुटपुटली, "तापल्या अंगावर पाणी घेतलं असेल." त्याने पाण्याला हातही लावला नव्हता.

चोलिंगने चित्रण लगेच पुसून टाकलं. पण बोटीवरच्या आचाऱ्याने, म्हणजे पोराच्या बापाने, अटलांटिक समुद्रातून ते आधीच उतरवून घेऊन सगळ्या जगाला पाठवलं होतं. वर लिहिलं होतं: माझा मुलगा. रविवारी दुपारपर्यंत नऊ हजार लोकांनी पाहिलं.

रविवारी फिएस्टा. घरोघर टेबलं मांडलेली, कुणीही यावं आणि जेवावं. नानायच्या घरी तेरोयचा फोन टेबलाच्या मधोमध, भाताच्या भांड्याशेजारी. त्याला अजून मासळीचा वास येत होता. पाहुणे फोनकडे बघत कुजबुजत जेवत होते.

"मी सांगतो मीच होतो," इंगो म्हणाला.

"तू उभा राहून सांग म्हणजे त्यांना पटेल," नानाय म्हणाली.

"आवाज खोटा होता म्हणू," कापितान म्हणाले. "अम्बो प्यायला होता म्हणू."

"म्हणा," मी म्हणालो. त्या दिवशी मी खुनाचीही कबुली दिली असती.

अडीच वाजता फोन वाजला. तेरोयने तो उचलला नाही, टेबलावरच बटण दाबलं. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. व्यवस्थापक एवढंच म्हणाले, "तेरोय, तो तू होतास?"

कापितान हातवारे करून माझ्याकडे बोट दाखवत होते. तेरोयने त्यांच्याकडे पाहिलं, बहुतेक त्या जीपकडेही पाहिलं असेल मनात.

"हो सर. मीच होतो."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग: "उद्याची सही नाही. तू मात्र ये. आजच नीघ."

तो ताटावरून तसाच उठला. आमच्यात कुणी जेवणाच्या मध्येच प्रवासाला निघालं तर बाकीच्यांनी आपापलं ताट गोल फिरवायचं, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. चौदा ताटं एकदम फिरली. माझ्यासमोर काठोकाठ रस्सा होता. फिरवला असता तर पाहुण्यांच्या मांडीवर गेला असता. मी क्षणभर थांबलो, आणि तेवढ्यात तो दाराबाहेर पडला. नंतर फिरवलं, सांडलं, पण ते धरतात की नाही, हे मला फादरही सांगू शकले नाहीत.

चार दिवस फोन नाही. नानायने बाजारात एका बाईला अर्ध्या किलोऐवजी दोन किलो मासळी दिली आणि बाई परत आली तेव्हा तिच्याशीच भांडली. पाचव्या दिवशी तेरोय बोलला. दोन वर्षांचा करार गेला. तीन महिने ठेवणार, बाकावर, टॉवेलपाशी. तीन महिन्यांनी बघू.

"म्हणजे आहेस की नाहीस?" नानायने विचारलं.

"ठाऊक नाही, नानाय."

कापितानांनी त्या आठवड्यात जीप विकली. कारण सांगितलं नाही. मी माइक कपाटात ठेवला. गावच्या लॉटरीचे आकडे तेवढे वाचतो, तेही हळू.

त्या तीन महिन्यांचा आज शेवटचा सामना होता. कापितानांच्या टीव्हीसमोर सगळे, माझ्या मांडीवर रिकामं ताट, केव्हाही फिरवता येईल असं. तेरोय बाकावर. पहिला भाग बाकावर. दुसरा बाकावर. चौथ्या भागात सहा मिनिटं उरली असताना प्रशिक्षकाने मान वळवली, आणि तेरोय उठला. टॉवेल घेऊन नाही. जर्सीच्या पाठीवर त्याचं स्वतःचं नाव होतं, बरोबर मापाची जर्सी.

टीव्हीवरचा माणूस नेमका तेव्हा डबाबंद सार्डिन मासळीची जाहिरात वाचत होता. त्याने नाव घेतलंच नाही.  नानाय माझ्याकडे वळली.

"आता म्हण," ती म्हणाली.

"तेरोय मागबानुआ," मी म्हणालो. 

"एकदाच," ती म्हणाली. "पुरे."

मग तिने माझ्या मांडीवरचं ताट काढून घेतलं, स्वतःच्या मांडीवर ठेवलं आणि शिट्टी वाजेपर्यंत फिरवत राहिली. ती शिट्टी तेरोयच्याच फाउलसाठी होती. सामना संपायला अजून पाच मिनिटं चाळीस सेकंद होती.